पडद्यावरची लढाई

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातवाने मला एक प्रश्न विचारला. आम्ही दोघे घरी एक युद्धपट पाहत बसलो होतो. पडद्यावर तोफा धडधडत होत्या आणि धुराचे लोट उठत होते. त्याने मध्येच चित्रपट थांबविला. चित्रपट असा हवा तेव्हा थांबविण्याची सोय आमच्या लहानपणी नव्हती. तेव्हा आम्हांलाच चित्रपटासाठी थांबावे लागे, आणि तेही तिकिटाच्या रांगेत. तर चित्रपट थांबवून तो म्हणाला, “आजोबा, तुम्हांला जुने युद्धपट आवडतात की नवे?”

प्रश्न साधा होता. पण मला पटकन उत्तर सुचेना. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकविले आणि शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक म्हणून काढली. मुख्याध्यापक चित्रपट पाहत नाहीत, अशी मुलांची प्रामाणिक समजूत असते. ती समजूत मोडावी असे मला कधी वाटले नाही. परंतु आता निवृत्त झाल्यावर कबूल करावयास हरकत नाही, की मला चित्रपटांचा, आणि त्यातही युद्धपटांचा, फार नाद होता. नागपुरात तो पुरविणे कठीण नव्हते. सदरमध्ये लिबर्टी होते, महालात नरसिंग टॉकीज होते. घरी सांगून जावे असे चित्रपट एका ठिकाणी लागत आणि न सांगता जावे असे दुसऱ्या ठिकाणी!

आमच्या खेळांतही लढाईच असे. नागपूरच्या मुलाला लढाई शोधावयास दूर जावे लागत नाही. सीताबर्डीची टेकडी गावाच्या मध्यभागीच उभी आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रजांची पलटण यांची लढाई झाली आणि तीत आपण हरलो. पुढे इंग्रजांनी तेथे किल्ला बांधला. आम्ही मुले गल्लीतल्या विटांच्या ढिगाऱ्याला बर्डीचा किल्ला म्हणत असू आणि दररोज संध्याकाळी तो जिंकून घेत असू. इंग्रज व्हावयास कोणी तयार नसे. त्यामुळे इंग्रजांचे काम नेहमी सर्वांत धाकट्या मुलाकडे येई, आणि त्याने लवकर मरावे अशी सर्वांची अपेक्षा असे. तो बिचारा कधी कधी मरण्यास नकार देई आणि रडत घरी जाई. मग लढाई तहकूब होई.

मी पाहिलेला पहिला युद्धपट म्हणजे ‘हकीकत’. चेतन आनंद यांनी तो १९६४ साली काढला. मी तो पाहिला १९६९ च्या सुमारास, नरसिंग टॉकीजमध्ये, तो पुन्हा लागला तेव्हा. मी अकरा वर्षांचा होतो. माझे वडील रेल्वेच्या टपालखात्यात, म्हणजे आर. एम. एस. मध्ये, नोकरीस होते. रात्रपाळी करून आलेला हा माणूस चित्रपटगृहात हमखास झोपत असे. त्या दिवशी मात्र ते झोपले नाहीत.

‘हकीकत’ १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धावर आहे. त्याचे पुष्कळसे चित्रीकरण प्रत्यक्ष लडाखमध्ये, आपल्या सैन्याच्या साहाय्याने झाले. बलराज साहनी त्यात मेजर आहेत, धर्मेंद्र कॅप्टन आहे. चित्रपट काळापांढरा, पण लडाखचे ते उघडे डोंगर, तो बर्फ आणि त्यावरून एकामागे एक चाललेली दमलेली माणसे पाहून नागपूरच्या उन्हाळ्यात मला थंडी वाजली, हे मी शपथेवर सांगेन. गल्लीतली लढाई रोज जिंकणाऱ्या मला त्या चित्रपटाने चकित केले. कारण त्यात आपण जिंकत नाही! आपली माणसे मागे हटतात, वाट पाहतात, घरच्या आठवणीने गातात आणि एकेक करून पडतात. पडदा पांढरा झाला तरी लोक काही क्षण उठले नाहीत. मी मात्र चिडलो होतो. बाहेर येताच मी वडिलांना म्हणालो, “हा कसला लढाईचा सिनेमा? शेवटी सगळे मरतातच!”

वडील काही वेळ बोलले नाहीत. आम्ही सायकल हातात धरून चाललो होतो. मग ते म्हणाले, “अरे, त्या थंडीत आपल्या पुष्कळ जवानांजवळ पुरेसे लोकरी कपडेसुद्धा नव्हते.” आणि जरा थांबून म्हणाले, “त्या हिवाळ्यात काही पत्रे परत आली होती.”

मला त्या बोलण्याचा अर्थ नीट कळला नाही. तो समजण्यासाठी त्यांच्या कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आघाडीवरच्या सैनिकाला पत्र लिहिताना गावाचे नाव घालीत नाहीत. त्याचा क्रमांक, नाव, पलटण आणि पुढे ‘५६ ए. पी. ओ.’ किंवा ‘९९ ए. पी. ओ.’ एवढाच पत्ता. सैनिक डोंगरात आहे की वाळवंटात, हे पाकिटावरून कोणालाही कळू नये, अशी ही योजना आहे. ती पत्रे पुढे लष्कराच्या टपालाकडे जातात आणि पलटण जेथे असेल तेथे तिच्यामागे जातात. वडील अशी हजारो पत्रे हाताने निवडून लावीत. पत्रावर गाव नाही, वेस नाही, फक्त आकडा. आणि तरी ते बरोबर माणसाच्या हाती पडते, याचा त्यांना फार अभिमान वाटे. १९६२ च्या हिवाळ्यात त्यांतली काही पत्रे उलट दिशेने आली. ती कोणाला पोचली नव्हती. त्या काळात, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, लडाखमध्ये रेझांग ला येथे मेजर शैतान सिंह यांच्या हाताखालची तेरा कुमाऊँ पलटणीची एक तुकडी शेवटपर्यंत लढली. सुमारे १२० जवानांपैकी ११० हून अधिक जवान तेथे पडले. पुढच्या वर्षी बर्फात त्यांचे देह सापडले, तेव्हा कित्येकांच्या हातांत शस्त्रे तशीच होती. हे सारे मी पुढे वाचले. पण ‘परत आलेली पत्रे’ हे शब्द मात्र त्या सायकलीच्या चाकाच्या आवाजाबरोबर माझ्या कानात राहिले आहेत.

‘हकीकत’ मी नंतर पुष्कळदा पाहिला. त्यात दोषही आहेत. लढाई ऐन रंगात आली असताना प्रेमकथा मध्ये येते आणि काही प्रसंगी माणसे जरा जास्तच बोलतात. तरी तो मला आपल्याकडील सर्वांत खरा युद्धपट वाटतो. पराभव झाल्यावर अवघ्या दोन वर्षांत त्या पराभवाकडे सरळ पाहणारा चित्रपट काढावयास धैर्य लागते.

त्याहूनही जुना एक चित्रपट आहे, आणि त्याला मी युद्धपट म्हणतो याचे माझ्या मित्रांना हसू येते. तो म्हणजे व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. हा १९४६ सालचा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. जपानने चीनवर आक्रमण केले होते आणि जखमी चिनी सैनिकांची शुश्रूषा करण्यासाठी काँग्रेसने पाच भारतीय डॉक्टरांचे पथक पाठविले होते. त्या पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे नागपुरातही फार थोड्यांना ठाऊक असते! डॉ. अटल पथकाचे प्रमुख. बसू आणि मुखर्जी हे बंगालचे. चार डॉक्टर यथाकाल परत आले. कोटणीस तेथेच राहिले, तेथील भाषा शिकले, एका चिनी परिचारिकेशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. शांतारामबापूंनी कोटणिसांची भूमिका स्वतः केली. या चित्रपटाचा नायक हाती बंदूक घेत नाही. तो जखमा शिवतो. माझ्या मते युद्धात नेमके काय होते हे जखमा शिवणाऱ्याला जितके कळते, तितके तोफ डागणाऱ्याला कळत नसेल. ज्या चीनच्या सैनिकांवर आमच्या डॉक्टरांनी उपचार केले, त्याच देशाशी वीस वर्षांनी आपले युद्ध झाले. हे दोन चित्रपट एकापाठोपाठ एक पाहावेत. मन कोड्यात पडते, आणि ते पडणे मला चांगले वाटते.

आता नवे युद्धपट. येथे माझ्या नातवाची बाजू बळकट आहे. यंत्रविद्येत नव्यांनी जुन्यांना केव्हाच मागे टाकले. आमच्या काळी तोफ उडाली की पडद्यावर पांढरा धूर येई आणि तो दिवाळीच्या झाडाचा असावा अशी शंका येई. आता गोळी कानाजवळून गेल्यासारखी वाटते. ‘१९१७’ हा २०१९ सालचा इंग्रजी चित्रपट तर असा घेतला आहे, की जणू कॅमेरा एकदाही न थांबता त्या दोन शिपायांच्या मागे चालत आहे. ‘डंकर्क’ या २०१७ सालच्या चित्रपटात शत्रूचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ती समुद्राकाठी नावेची वाट पाहणारी, घरी जाण्यासाठी व्याकूळ झालेली पोरे. हा चित्रपट मला फार आवडला. एवढेच, की १९४० साली त्या किनाऱ्यावर खेचरांच्या तांड्यांसह आपले हिंदी सैनिकही होते, आणि ते चित्रपटात कोठेच नाहीत. खेचरे दाखविली असती तरी मला बरे वाटले असते.

आपल्याकडे ‘लक्ष्य’, ‘उरी’, ‘शेरशाह’ असे पुष्कळ चित्रपट या शतकात आले. नाना पाटेकरांचा ‘प्रहार’ १९९१ सालचा. त्यासाठी त्यांनी सैन्याचे खरे शिक्षण घेतले, आणि ते पडद्यावर दिसते. नव्या चित्रपटांत सैनिक कवायत बरोबर करतो, बंदूक बरोबर धरतो. माझी तक्रार निराळी आहे. पुष्कळदा शत्रू मूर्ख दाखवितात. मूर्खाला हरविण्यात पराक्रम तो कसला? शिवाय मरणारा माणूस फार सावकाश मरतो. मागे संगीत वाजते, डोळ्यांपुढे घर येते, आणि प्रेक्षकाला हुंदका आवरेनासा झाला की मग त्याचे प्राण जातात.

‘बॉर्डर’ हा १९९७ सालचा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री राजस्थानच्या वाळवंटात लोंगेवाला चौकीवर जी लढाई झाली, तिच्यावर तो आधारलेला आहे. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याजवळ सुमारे १२० माणसे होती. समोरून रणगाड्यांची मोठी फौज आली. जेसलमेरच्या आपल्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हते. म्हणून पहाट होईपर्यंत चौकी धरून ठेवणे एवढेच त्या माणसांच्या हाती होते. त्यांनी ती धरून ठेवली. उजाडताच विमाने आली आणि रणगाडे वाळूत उघडे पडले. चित्रपटात ही रात्र विलक्षण रंगली आहे. परंतु चित्रपटात आपली पुष्कळ माणसे मरतात. प्रत्यक्षात त्या चौकीवर आपले दोन जवान पडले. चित्रपटात ज्या भैरोसिंगाचा मृत्यू पाहून लोक रडले, तो खरा भैरोसिंग राठोड जोधपूरकडे सुखरूप होता! तो २०२२ च्या डिसेंबरात वारला. म्हणजे पडद्यावर मेल्यानंतर पंचवीस वर्षे हा माणूस जगला. लढाईत जिवंत राहिलेला माणूस चित्रपटात का मरतो, याचे उत्तर सोपे आहे: त्याच्या मरणाने प्रेक्षक हलतो. हे उत्तर मला एका सातवीतल्या मुलाने दिले, आणि ते ज्या प्रकारे दिले ते मी आजवर फार थोड्यांना सांगितले आहे.

१९९९ सालची गोष्ट. कारगिलचे युद्ध चालू होते. मी तेव्हा कामठी मार्गावरील एका शाळेत मराठी शिकवीत होतो. कामठीला लष्कराची जुनी छावणी आहे. त्यामुळे आमच्या शाळेत सैनिकांची मुले नेहमीच असत. उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनअखेर शाळा सुरू झाली, तेव्हा मुलांच्या तोंडी तोलोलिंग आणि टायगर हिल हीच नावे होती. ४ जुलैला टायगर हिल आपण परत घेतल्याची बातमी आली आणि शाळेत कोणी सांगितल्यावाचून पेढे वाटले गेले. माझा उत्साहही उतू जात होता. जवानांसाठी निधी गोळा करावा आणि त्या निमित्ताने मुलांना एक युद्धपट दाखवावा, अशी कल्पना मी काढली. शाळेजवळ दूरदर्शन संच होता. फिती लावण्याचे यंत्र मी भाड्याने आणले. चित्रपट अर्थात ‘बॉर्डर’.

जुलैमधील एका शनिवारी सकाळी सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. चित्रपटापूर्वी मी भाषण केले. ते चांगले झाले असावे, कारण टाळ्या पुष्कळ पडल्या. निधीची पेटी खुळखुळत फिरली. मग चित्रपट सुरू झाला. रणगाडा दिसला की मुले आरोळ्या ठोकीत आणि मीही त्यांना थांबवीत नव्हतो. सैनिकांना घरची पत्रे येतात, ते सर्व मिळून गातात, तो प्रसंग आला. सभागृह शांत झाले. इतक्यात तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उठला आणि मुलांचे पाय तुडवीत दाराकडे निघाला. त्याचे वडील सैन्यात नाईक होते, आणि त्या वेळी ते ‘तिकडे’ आहेत एवढे मला माहीत होते.

मी त्याला दारातच अडविले. चित्रपट चालू होता, तरी माझा आवाज मोठा होता. मी म्हणालो, “कोठे निघालास? सैनिकाचा मुलगा ना तू? शोभते का हे तुला?”

सगळ्या माना वळल्या. तो मुलगा काही न बोलता बाहेर गेला. काही वेळाने मी बाहेर आलो, तेव्हा तो पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. नळ उघडा होता. तो पाणी पीत नव्हता. मी पुन्हा विचारले, पण या वेळी जरा हळू.

तो म्हणाला, “सर, ज्याच्या घरची गोष्ट दाखवतात ना, तो मरतो.”

मला कळले नाही. त्याने मला समजावून सांगितले, मी एखाद्याला व्याकरण समजावून सांगावे तसे. “ज्याची आई दाखवतात, तो मरतो. ज्याचं पत्र वाचून दाखवतात, तो मरतो. मी हा सिनेमा आधी पाहिला आहे. सगळ्या सिनेमांत असंच असतं.” मग नळाकडे पाहत तो म्हणाला, “माझ्या आईनं काल बाबांना पत्र टाकलं. ते पोचायला नको, सर.”

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या माणसाजवळ शब्दांचा साठा मोठा असतो, अशी लोकांची समजूत असते. मला त्या वेळी एकही शब्द सापडला नाही. आतून रणगाड्यांचा आवाज येत होता. मी आधी नळ बंद केला. मग जे मला खरोखर ठाऊक होते तेवढेच सांगितले. मी त्याला माझ्या वडिलांविषयी सांगितले. ते अशी पत्रे निवडून लावीत, ५६ ए. पी. ओ. चा गठ्ठा वेगळा बांधला जाई. गावाचे नाव नसले तरी पत्र कसे बरोबर जाते. आणि त्या पत्रांना किती तरी उत्तरे येत, अगदी थैल्या भरभरून. “सिनेमात उत्तर आलेले दाखवीत नाहीत,” मी म्हणालो, “कारण त्यात दाखविण्यासारखे काही नसते. ‘मी खुशाल आहे’ एवढेच त्यात असते.”

१९६२ सालच्या हिवाळ्यातील ती परत आलेली पत्रे मी त्याला सांगितली नाहीत. तो सारे ऐकत होता. पण त्याचा विश्वास बसला असे मला वाटले नाही. मी त्याची क्षमा मागितली. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मी त्याला बोललो होतो सर्वांसमोर, आणि क्षमा मागितली ती टाकीजवळ, एकट्याची. सोमवारी वर्गात उभे राहून तसे म्हणावे, असे मी ठरविले होते. सोमवारी मी ‘पाठ चौथा काढा’ असे म्हणालो.

त्यानंतर काही वर्षांनी मी ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हा १९३० सालचा अमेरिकन चित्रपट पाहिला. एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाच्या कादंबरीवर तो काढलेला आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिका आणि जर्मनी एकमेकांचे शत्रू होते. आणि तरी युद्ध संपून बारा वर्षे होतात न होतात तोच अमेरिकनांनी जर्मन पोरांची दुःखे एवढ्या मायेने पडद्यावर आणली. बर्लिनमध्ये हा चित्रपट लागला तेव्हा नाझींनी चित्रपटगृहात पांढरे उंदीर सोडून खेळ उधळला आणि पुढे त्यावर बंदीही आली. उंदीर सोडावे लागले, यावरूनच चित्रपट किती बिनतोड होता हे दिसते. २०२२ साली जर्मनांनी स्वतः तो नव्याने काढला; तोही चांगला आहे, पण जुन्याची सर मला त्यात आढळली नाही.

त्या जुन्या चित्रपटाच्या आरंभी एक वर्ग दिसतो. एक मास्तर मुलांपुढे देशासाठी लढण्याविषयी भाषण करतात. भाषण उत्तम आहे. मुले पुस्तके भिरकावून सैन्यात भरती होण्यास निघतात आणि मास्तर कृतार्थ होऊन पाहत राहतात. मास्तर स्वतः कोठेही जात नाहीत. मी हा चित्रपट घरी एकटाच पाहत होतो. तरी तो प्रसंग चालू असताना मी खुर्चीत सावरून बसलो, जणू मला कोणी पाहत आहे. पुढे त्या मुलांतला एक जण रजेवर आला असता त्याच वर्गात जातो. मास्तर त्याला म्हणतात, मुलांना काही सांग. तो जे सांगतो ते मास्तरांना हवे असते तसे नसते.

असाच एक सैनिक माझ्या वर्गातही येऊन गेला होता.

त्या मुलाच्या आईचे पत्र पोचले होते. ऑगस्टमध्ये उत्तरही आले. मुलाने ते मला दाखविले नाही. फक्त मधल्या सुट्टीत जवळ येऊन “सर, आलं” एवढे म्हणाला आणि पळाला. डिसेंबरात त्याचे वडील रजेवर आले आणि मुलाला न्यावयास शाळेत आले. साधा सदरा, पायांत चपला, उन्हाने आणि बर्फाने रापलेला चेहरा. ओठांवर भेगा होत्या. मी आग्रह करून त्यांना सातवीच्या वर्गात नेले. मुले उठून उभी राहिली. एकाने विचारलेच, “काका, तुम्ही किती जणांना मारलं?”

ते जरा गोंधळले. मग त्यांनी उलट विचारले, “तुमच्यापैकी कोणाकोणाच्या घरी प्रेशर कुकर आहे?”

बहुतेक सगळे हात वर झाले. ते म्हणाले, “आमच्याजवळ वर डोंगरावर नव्हता. तिथं हवा विरळ असते, त्यामुळं पाणी लवकर उकळतं, पण पुरतं तापतच नाही. डाळ कितीही शिजवा, दाताखाली कचकच वाजते.” मग ते बुटांविषयी बोलले. ओला मोजा रात्री काढला तर सकाळी तो लाकडासारखा होतो, म्हणून तो पोटाशी धरून झोपावे लागते. पाणी संपले की बर्फ चोखायचा. पण जेथे गोळे पडले असतील तेथल्या बर्फाला दारूगोळ्याचा वास येतो, म्हणून वरचा थर खरवडून टाकायचा. वजन घेऊन चढताना दहा पावले चालायचे आणि थांबायचे. रात्री चढायचे, दिवसा दगडाआड पडून राहायचे, खोकला आला तर तोंडात रुमाल कोंबायचा. ते दहा-पंधरा मिनिटे बोलले. गोळी हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. मुलांची थोडी निराशा झाली, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते. त्यांचा मुलगा मात्र बाकावर कोपरे टेकून ऐकत होता. मोज्यांची गोष्ट आली तेव्हा तो मोठ्याने हसला.

घंटा झाली. मुले बाहेर पडली. त्या गृहस्थांनी मुलाचे दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतले. मला राहवले नाही. फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जात मी विचारले, “‘बॉर्डर’ सिनेमा पाहिलात का हो तुम्ही?”

“पाहिला ना, सर,” ते म्हणाले. “आमच्या पलटणीत दाखवला होता. चांगला आहे.” दोन पावले चालून ते थांबले. “ते पत्रांचं गाणं लागलं की सगळे गप्प होतात. संपलं की कोणीतरी मागून ओरडतं, परत लावा. मग परत लावतात.”

मुलगा पुढे पळत जाऊन सायकलीशी उभा होता. वडिलांनी दप्तर हँडलला अडकविले, त्याला पुढच्या दांडीवर बसविले आणि ते कामठीच्या दिशेने निघून गेले.